अमेरिकेंतील मुलांचा आरोग्यविमा

मुलाच्या आजारपणाचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न वरवर पाहतां घरगुती वाटतो. आईबापांनीं सोसावा, असें आपण सहज म्हणतों. परंतु त्यांना तो झेपत नसेल तर काय, असें कोणीं विचारलें म्हणजे तोच प्रश्न घराचा उंबरठा ओलांडून राज्यकारभाराचा होतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं या प्रश्नाला १९९७ सालीं एक उत्तर दिलें. त्या उत्तराचे गुणदोष आज आपणांपुढें मांडावयाचे आहेत.

त्या देशांत वैद्यकीय उपचार अतिशय महाग आहेत, आणि बहुसंख्य नोकरदारांचा आरोग्यविमा त्यांच्या नोकरीशीं बांधलेला असतो. हप्त्याचा मोठा भाग मालक भरतो. नोकरी गेली कीं विमाही जातो. अगदीं निर्धन लोकांसाठीं १९६५ सालापासून ‘मेडिकेड’ नांवाची सरकारी योजना आहे. या दोहोंच्या मध्यें एक मोठा वर्ग सांपडतो. बाप उपाहारगृहांत राबतो, आई दुकानांत विक्रीचें काम करते; मिळकत मेडिकेडच्या मर्यादेहून थोडी अधिक, आणि खाजगी विम्याचा हप्ता तर आवांक्याबाहेरचा. अशा घरांतील मुलाला वेळच्या वेळीं डॉक्टर दिसत नाहीं. दुखणें विकोपाला गेलें म्हणजे त्याला इस्पितळाच्या तांतडीच्या विभागांत नेतात. १९९७ सालीं अशीं विम्यावांचून असलेलीं मुलें सुमारें १ कोटि होतीं. म्हणजे साधारणतः सात मुलांमागें एक.

यूटा राज्याचे रिपब्लिकन सेनेटर ऑरिन हॅच आणि मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट सेनेटर एडवर्ड केनेडी हे राजकारणांत दोन टोकांचे पुरुष. पण या बाबतींत त्यांचें एकमत झालें. सिगारेटवरील कर वाढवून त्या उत्पन्नांतून मुलांच्या विम्याची सोय करावी, ही त्यांची सूचना. अध्यक्ष क्लिंटन यांनीं ५ ऑगस्ट १९९७ रोजीं कायद्यावर सही केली, आणि पुढील दहा वर्षांसाठीं सुमारें ४० अब्ज डॉलरांची तरतूद झाली. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हानिया आणि फ्लॉरिडा या राज्यांत अशा योजना आधींपासून चालू होत्या. त्यांचा अनुभव हाताशीं होताच.

या योजनेची आर्थिक घडण नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिचें यश आणि तिचें दुखणें दोन्ही तेथेंच आहे. पैसा मध्यवर्ती सरकार आणि घटक राज्यें मिळून घालतात. मेडिकेडमध्यें मध्यवर्ती सरकारचा वाटा निदान निम्मा असतो. या योजनेंत तो निदान शेंकडा ६५ ठेवला आणि त्याची कमाल मर्यादा शेंकडा ८५ केली. राज्यांना ही सवलत अर्थातच आवडली. मेडिकेड वाढवावें, स्वतंत्र योजना काढावी, कीं दोहोंचा मेळ घालावा, हें ठरविण्याची मोकळीकही त्यांना मिळाली. दोनतीन वर्षांत सर्व राज्यें योजनेंत सामील झालीं.

पण एक मोठा भेद राहिला. मेडिकेड हा हक्क आहे. पात्र माणसें वाढलीं कीं खर्च आपोआप वाढतो, आणि सरकारला तो द्यावा लागतो. मुलांच्या या योजनेला मात्र दरवर्षीं ठराविक रक्कम नेमून दिलेली असते, आणि ती रक्कमही विवक्षित मुदतीपुरतीच. त्यांतच वांटणीचें सूत्र असें, कीं राज्यांत विम्यावांचून असलेल्या गरीब मुलांच्या संख्येवर त्याचा वाटा बऱ्याच अंशीं अवलंबून होता. ज्या राज्यानें झटून मुलें विम्याखालीं आणलीं त्याचाच वाटा त्यामुळें घटूं लागला, आणि जें राज्य स्वस्थ बसलें त्याचे पैसे शिल्लक पडले. १९९८ नंतरच्या आरंभींच्या वर्षांत कित्येक राज्यांना आपली रक्कम खर्चतां आली नाहीं, तर पुढें कांहींना ती वर्ष संपण्यापूर्वींच अपुरी पडूं लागली.

एवढें असूनही योजनेनें काम किती केलें, हें पाहिलें म्हणजे समाधान वाटतें. विम्यावांचून असलेल्या मुलांचें प्रमाण १९९७ च्या सुमारास शेंकडा १४ च्या आसपास होतें. तें २०१६ पर्यंत शेंकडा ५ च्याही खालीं उतरलें. याचें सारें श्रेय या एका योजनेला देतां येणार नाहीं. मेडिकेडचा त्यांत मोठा भाग आहे. परंतु या योजनेसाठीं अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलाची मेडिकेडसाठींही पात्रता तपासली पाहिजे, असा नियम होता. त्यामुळें नव्या योजनेची जाहिरात ऐकून आलेलीं पुष्कळ मुलें प्रत्यक्षांत जुन्या योजनेचीं हक्कदार ठरलीं. अर्जाचा कागद लहान करणें, मुलाखतीसाठीं कचेरींत येण्याची सक्ति काढणें, अशा साध्या सुधारणांनींही संख्या बरीच वाढली. २००९ च्या कायद्यानें अशा सुधारणा करून मेडिकेडमधील मुलांची संख्या वाढविणाऱ्या राज्यांना बक्षिसी दिली, आणि वांटणीचें सूत्र बदलून तें राज्याच्या प्रत्यक्ष खर्चाशीं जोडलें.

त्याच कायद्यानें दांतांचे उपचार योजनेंत सक्तीचे केले. त्यामागें एक दुःखद हकीकत आहे. २००७ च्या फेब्रुवारींत मेरीलँड राज्यांत बारा वर्षांचा एक मुलगा किडक्या दांताचें विष मेंदूपर्यंत पोंचून दगावला. वेळीं दांत काढला असता तर सुमारें ८० डॉलरांत काम भागलें असतें; इस्पितळाचा खर्च दोन लाख डॉलरांच्या वर गेला, आणि मूल तें गेलेंच. त्या कुटुंबाचें मेडिकेड मध्यंतरीं खंडित झालें होतें.

विमा खंडित होणें हा त्या घरापुरताच अपघात नव्हता. नॉर्थ कॅरोलायनानें २००१ मध्यें कित्येक महिने नवीन मुलें घेणें थांबविलें. जॉर्जियानें २००७ मध्यें तेंच केलें. ॲरिझोनानें २०१० च्या आरंभीं दार बंद केलें तें २०१६ पर्यंत उघडलें नाहीं.

मुदत संपण्याच्या वेळीं तर दर खेपेस राजकारण आडवें आलें. २००७ सालीं काँग्रेसनें, म्हणजे तेथील विधिमंडळानें, योजना वाढविणारें विधेयक मंजूर केलें. अध्यक्ष बुश यांनीं त्याला ऑक्टोबरांत आणि पुन्हां डिसेंबरांत नकार दिला. सरकारी विम्याची मर्यादा वर नेली तर ज्यांना खाजगी विमा परवडतो तेही तो सोडून इकडे वळतील, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. असें कांहीं अंशीं घडतेंही. परंतु त्यासाठीं गरजू मुलांनाही बाहेर ठेवावें काय, हा खरा प्रश्न होता. नकार रद्द करण्यासाठीं प्रतिनिधिगृहांत दोनतृतीयांश मतें लागतात. २७३ विरुद्ध १५६ असा कौल पडला, आणि तेरा मतें कमी पडलीं. अखेर ४ फेब्रुवारी २००९ रोजीं अध्यक्ष ओबामा यांनीं नव्या विधेयकावर सही केली. सिगारेटच्या पाकिटावरील कर ३९ सेंटांवरून १ डॉलर १ सेंट झाला.

३० सप्टेंबर २०१७ रोजीं मुदत पुन्हां संपली, आणि या वेळीं ११४ दिवस नवी दीर्घ तरतूद झाली नाहीं. त्या वेळीं सुमारें ९० लाख मुलें योजनेवर अवलंबून होतीं. कोलोरॅडो राज्यानें घरोघरीं सूचनापत्रें धाडलीं, आणि आलाबामानें नवे अर्ज थांबविण्याची घोषणा केली. विरोध असा कोणाचाच नव्हता. भांडण होतें तें पैसा कोठून आणावा याचें. मौज अशी, कीं काँग्रेसच्याच अर्थसंकल्प-कार्यालयानें हिशेब करून सांगितलें, कीं योजना दहा वर्षें चालू ठेवल्यास सरकारचे उलट सुमारें ६ अब्ज डॉलर वांचतील. कारण ती बंद पडल्यास यांतील पुष्कळ मुलांच्या खाजगी विम्याला याहून महाग सरकारी मदत द्यावी लागली असती. २२ जानेवारी २०१८ रोजीं सहा वर्षांची, आणि पुढच्याच महिन्यांत आणखी चार वर्षांची मुदत मिळाली. २०२२ च्या डिसेंबरांतील कायद्यानें ती २०२९ पर्यंत नेली. एकदां पात्र ठरलेल्या मुलाचा विमा बारा महिने खंडित होऊं नये, हा नियमही १ जानेवारी २०२४ पासून सर्व राज्यांना लागू झाला.

या पावशतकाहून अधिक काळच्या अनुभवावरून माझ्या मतें दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही, कीं मुलांचा विमा हें थोड्या खर्चांत मोठें काम करणारें साधन आहे, आणि दोन्ही पक्षांना तें मान्य होऊं शकतें. दुसरी ही, कीं मुदतबंद पैशावर उभारलेली चांगली योजनासुद्धां लोकांना निर्धास्त करूं शकत नाहीं. पूल किंवा सडक यांचें काम सहा महिने लांबलें तर नुकसान पैशाचें होतें. मुलाची लस, त्याचा चष्मा, त्याच्या दम्याचें औषध हीं मात्र वाढीच्या वयांत वेळच्या वेळींच मिळालीं पाहिजेत. वृद्धांच्या विम्याला त्या देशानें अशी मुदत घातलेली नाहीं. वृद्धांना मत असतें, मुलांना तें नसतें. म्हणून त्यांच्या वतीनें बोलण्याचें काम मोठ्यांनाच करावें लागतें, आणि २०२९ सालीं तें तेथें पुन्हां करावें लागणार आहे.