नायट्याचे औषध आणि श्रावकाची यतना
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचे शब्दांकन)



कल्पसूत्रातील सामाचारीमध्ये साधू-साध्वींनी सदैव जपून पाहावयाच्या आठ सूक्ष्मांची गणना आहे. त्यांपैकी ‘पनक’ म्हणजे बुरशी हे एक सूक्ष्म असून तिचे काळा, निळा, तांबडा, पिवळा व पांढरा असे पाच वर्ण सांगितले आहेत. शिळे अन्न न ठेवणे, पापड-लोणच्यास ओल लागू न देणे हे घरोघरचे नियम याच जाणिवेतून रुजले. लोणच्याच्या बरणीविषयी इतके दक्ष असणारे घर बुरशी अंगावर नायट्याच्या, अर्थात गजकर्णाच्या, रूपाने आली की मात्र विलक्षण बेफिकीर होते.

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, कोणत्याही गावी दिसणारे चित्र असे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, पाठोपाठ पावसाळ्याची ओल येते. जांघेत, कमरेला गोल चट्टा उठतो, खाज सुटते. लाजेपोटी डॉक्टरांकडे न जाता गृहस्थ दुकानातून एखादी ट्यूब आणतो. दोन दिवसांत खाज थांबते, ट्यूब फडताळात जाते. महिन्याभरात चट्टा दुप्पट होऊन परततो आणि एव्हाना त्याच टॉवेलामुळे पत्नीला व मुलांनाही लागण झालेली असते.

असे का घडते? अशा अनेक ट्यूबांत बुरशीनाशकासोबत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेटासोन यांसारखे स्टिरॉइड मिसळलेले असते. स्टिरॉइड खाज व लाली दाबते, त्यामुळे रोग गेल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकारशक्ती मंदावून बुरशीला मोकळे रान मिळते. दीर्घकाळ वापरल्यास कातडी पातळ होते आणि जांघेत कायमचे व्रण उमटतात. म्हणूनच केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक स्टिरॉइडयुक्त मलमे औषध नियमांच्या अनुसूची ‘एच’ मध्ये आणली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्यांची विक्री करता येत नाही. नियम झाला, परंतु तो पाळणे ग्राहकाच्याही हाती आहे.

अर्धवट उपचाराचा परिणाम एका घरापुरता राहिलेला नाही. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधास बहुधा दाद न देणारी नायट्याची एक बुरशी भारतात फोफावली. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. आज ती अनेक देशांत आढळते. भारताचे नाव अशा कारणाने जगभर जावे, हे भूषणावह नाही.

वस्तुतः या क्षेत्रात महाराष्ट्राचे नाव अभिमानाने घ्यावे असा इतिहास आहे. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक शोधले. कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून औषधाचे आणि पिंपरीवरून त्या सूक्ष्मजीवाचे नाव ठेवले गेले. इतक्या कष्टाने मिळणारी औषधे निष्काळजीपणाने निकामी करू नयेत.

आता औषध घेण्याची रीत. मलम डॉक्टरांनी सांगितलेलेच आणावे. ते चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे चालू ठेवावे. पोटात घ्यावयाचे औषध अनेकदा चार-सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागते. खाज थांबली म्हणजे औषध थांबवावे, असा त्याचा अर्थ नाही. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरू नये. घरात ज्यांना ज्यांना लागण असेल त्या सर्वांचा उपचार एकाच वेळी व्हावा.

डॉक्टरांपासून काही लपवू नये. इट्राकोनाझोल हृदय दुर्बल असणाऱ्यास अपायकारक ठरू शकते आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबत चालत नाही. फ्लुकोनाझोलमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा प्रभाव वाढतो, तसेच ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचाही वाढून साखर एकदम उतरू शकते. टर्बिनाफिनपूर्वी यकृताचा विकार असल्यास तो सांगावा. गर्भवती व स्तनदा मातांनी विचारल्याविना यांतील काहीही घेऊ नये. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना जाणे, धाप लागणे, पायांना सूज येणे, अंगावर पुरळ उठणे, यांपैकी काही दिसताच औषध थांबवून त्वरित डॉक्टर गाठावा.

जैन घरांत आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतात. पहिली तपश्चर्येची. इट्राकोनाझोलची कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्यावयाची असते. उपाशीपोटी किंवा आम्लपित्ताच्या गोळीसोबत घेतल्यास ती अंगी नीट लागत नाही. एकासन करणाऱ्याने किंवा चौविहार पाळणाऱ्याने हे आधीच सांगितल्यास डॉक्टर वेळा जुळवून देऊ शकतात. पर्युषणात अथवा दशलक्षण पर्वात मधुमेहाची गोळी, फ्लुकोनाझोल आणि उपवास हे तिन्ही एकत्र आले, तर भोवळ येऊन प्राणावर बेतू शकते. दुसरी गोष्ट कॅप्सूलच्या कवचाची. ते बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. मनाला पटत नाही म्हणून पुष्कळ जण गुपचूप कवच फोडून आतील दाणे घेतात किंवा औषधच सोडतात. तसे न करता शंका स्पष्ट बोलावी. टर्बिनाफिन गोळीच्या रूपात मिळते, काही औषधे वनस्पतिजन्य कवचातही मिळू शकतात. कोणते योग्य, हे डॉक्टरांनी ठरवावे.

कपड्यांचेही पथ्य आहे. घाम न शोषणारे तंग पॉलिस्टर किंवा जाड जीन्स सोडून सैल सुती वस्त्र नेसावे. आतले कपडे रोज बदलावेत, गरम पाण्यात वेगळे धुवावेत, कडक उन्हात उलटे करून वाळवावेत. करदोटा, ओला पंचा व सामायिक टॉवेल यांत बुरशी टिकून राहते. हे न पाळल्यास उत्तम औषधही हरते.

2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने काळ्या बुरशीचा कहर पाहिला. अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइडचा अतिरेक ही त्यामागची दोन मोठी कारणे होती. किती कुटुंबांत कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा, तर कोणाचा जीव! नायटा तितका घातक नाही, परंतु स्टिरॉइड विचारल्याविना वापरू नये, हा धडा दोन्हींकडे एकच आहे.

पाणी गाळून पिणारा, पाऊल पाहून टाकणारा समाज यतनेचे मोल जाणतो. तीच यतना औषधाच्या ट्यूबविषयीही असावी. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने फडताळातील जुन्या ट्यूबा बाहेर काढून त्यांवरील नावे वाचावीत आणि पुढील भेटीत त्या डॉक्टरांना दाखवाव्यात. सुवर्णमहोत्सवाच्या या शुभप्रसंगी एवढा एक संकल्प प्रत्येक घराने केला, तरी आजचा हा कार्यक्रम सार्थकी लागेल.

जय जिनेंद्र!