खिडकीसमोरची भिंत

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली की आमच्या दादरमध्ये एक कार्यक्रम हमखास होतो. गच्चीवर खुर्च्या मांडतात, बिल्डरची माणसं येतात आणि पडद्यावर नव्या घराची चित्रं दाखवतात. ती चित्रं म्हणजे फोटो नव्हेत. घर अजून कागदावरच असतं. संगणकावर त्याचा सांगाडा उभा करायचा, आत संगणकातलेच सूर्य आणि दिवे लावायचे आणि मग चित्र काढायचं. आमच्या धंद्यात याला ‘रेंडर’ किंवा नुसतं ‘थ्रीडी’ म्हणतात. गेली अनेक वर्षं माझं पोट याच कामावर चालतं.

अशाच एका सभेत माझं चित्र पडद्यावर आलं. ऐसपैस हॉल, चकचकीत फरशी आणि खिडकीतून आत आलेलं सोनेरी ऊन. लोक खूश झाले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “अहो, खिडकीसमोरची ती बिल्डिंग कुठे गेली?”

बिल्डिंग कुठेच गेली नव्हती. मी ती काढलीच नव्हती. दहा-बारा फुटांवर उभी असलेली शेजारची भिंत गाळून मी तिथे निळंशार आभाळ लावलं होतं. मला तसं कोणी सांगितलंही नव्हतं. आम्ही सगळेच तसं करत होतो. त्या रात्री मी ती भिंत जागेवर ठेवून चित्र पुन्हा काढलं. ऊन नाहीसं झालं आणि हॉलचा आतला अर्धा भाग दिवसाढवळ्या काळवंडला.

त्या दिवसापासून मी उजेड नव्याने शिकायला लागलो. त्यातल्या चार गोष्टी आज सांगतो.

पहिली गोष्ट सूर्याची. मुंबई साधारण १९ अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून ४७-४८ अंशांवर असतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं. मेच्या मध्यावर तोच सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि त्याच खिडकीतून दुपारचं ऊन आत येत नाही. गाव, तारीख, वेळ आणि उत्तर दिशा सांगितली की संगणक हा हिशेब बिनचूक करतो. पण घाईत उत्तर दिशा कोणी भरत नाही. मग उत्तरेच्या खिडकीतूनही संक्रांतीचं ऊन आत येतं!

दुसरी गोष्ट परतणाऱ्या उजेडाची. उजेड खिडकीतून आला आणि फरशीवर पडला की संपत नाही. तो फरशीवरून भिंतीवर, भिंतीवरून छताकडे जातो आणि जाताना रंगही घेऊन जातो. लाल फरशीच्या खोलीत पांढरी भिंत खालच्या बाजूला किंचित गुलाबी दिसते, ती यामुळेच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ साली रंगीत भिंतींच्या एका खोक्याचं चित्र संगणकावर काढून हे दाखवलं. १९८६ साली जेम्स काजिया यांनी उजेडाच्या या येण्याजाण्याचं समीकरण मांडलं. आजची बहुतेक सगळी सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी आहेत. मात्र एक पथ्य पाळावं लागतं. चांगला पांढरा रंगही अंगावर पडलेल्या उजेडाचा साधारण ८० टक्के भागच परत पाठवतो. संगणकात तो १०० टक्के ठेवला, तर उजेड कधी विझतच नाही आणि खोली दुधात बुडाल्यासारखी दिसते.

तिसरी गोष्ट वस्तूंच्या पोताची. पावसात रात्री दादर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहा. पायाजवळची ओली फरशी काळीच दिसते. लांबवर मात्र तीच फरशी आरशासारखी होते आणि दिव्यांची रांग तिच्यात उतरते. नजर जितकी तिरपी, तितकी चकाकी जास्त. घरातला कोटा, कडप्पा, पॉलिश केलेलं सागवान, सगळ्यांनाच हा नियम लागू आहे. नवशिका सगळीकडे सारखी चकाकी देतो, म्हणून त्याचं घर प्लॅस्टिकचं वाटतं. शिवाय खऱ्या टेबलाची कड सुरीसारखी धारदार नसते. ती थोडी गोलसर असते आणि तिच्यावर उजेडाची बारीक रेघ उमटते. फरशीवर रोजच्या वाटेचा भाग थोडा मंद झालेला असतो. एवढं दाखवलं तरी चित्रात माणसं राहायला येतात.

चौथी गोष्ट दिव्यांची. चित्रात नेहमी २७०० केल्विनचा पिवळसर, हॉटेलातला उजेड असतो. आपल्या घरी बहुधा ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असते. तिच्याखाली सनमायकाचा रंग वेगळाच दिसतो. दुकानात आवडलेला रंग घरी आल्यावर परका वाटतो, त्याचं अर्धं कारण हेच. त्यातून आम्ही कधी कधी भिंतीआड न दिसणारे दिवे लपवतो, कॅमेऱ्याची भिंग रुंद करतो. मग दहा बाय बाराची खोली दिवाणखाना होते.

आपण म्हणाल, चित्रच ते, त्याचं एवढं काय? पण ते चित्र पाहून माणसं संमतिपत्रावर सही करतात, आयुष्याची पुंजी देतात. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १२नुसार, जाहिरातीतल्या किंवा नमुना घरातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर घर घेणाऱ्याला भरपाई मागता येते. पण चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘कलाकाराची कल्पना’ असंही छापलेलं असतं. तो कलाकार म्हणजे मी!

मावशींच्या इमारतीचं पुढे काय झालं? दुसरं, काळवंडलेलं चित्र मी आर्किटेक्टना दाखवलं. समोरची भिंत हलणार नव्हती. पण खिडकीचा वरचा काठ उंच नेता आला, त्यामुळे खोलीच्या आतूनही आभाळाची एक पट्टी दिसू लागली. गडद सनमायकाऐवजी फिकट निवडला. हॉल लख्ख झाला नाही, पण खिडकीपाशी बसून दुपारी पेपर वाचता येईल इतका उजेड मिळाला. खरं चित्र काढलं म्हणून हे वेळेत कळलं. खोटं चित्र असतं, तर चावी हातात आल्यावर कळलं असतं.

म्हणून श्रोतेहो, असं चित्र तुमच्यासमोर आलं की चार प्रश्न जरूर विचारा. उत्तर दिशा कुठे आहे? हे कोणत्या महिन्यातलं, किती वाजताचं ऊन? दिवे बंद केले तर खोली कशी दिसेल? आणि मावशींचा प्रश्न तर सगळ्यात आधी: खिडकीबाहेर खरोखर काय आहे?