कागदाचा एंटर, ओवीचा एंटर

आमच्या मंडणगडात पावसाळ्यात वीज आली की माणसं आधी मोबाईल चार्जिंगला लावतात. मी लॅपटॉप लावतो. निवृत्तीनंतर मला जुन्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचा नाद लागला आहे. ही मुद्रितं आता कागदावर नसतात, वर्डमध्ये असतात.

सुरुवात झाली आईमुळे. तिचं वय चौऱ्याऐंशी. बारीक अक्षर दिसत नाही, आणि तिला हवं होतं साने गुरुजींचं ‘स्त्री जीवन’. गुरुजी शेजारच्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे. बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून त्यांनी हे पुस्तक केलं. गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणून २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे.

जुन्या प्रतीची पानं स्कॅन केली. संगणकाने अक्षरं ओळखली आणि मजकूर वर्डमध्ये आला. पण अक्षर मोठं करताच सगळा विचका! एक ओळ पूर्ण, पुढची दोनच शब्दांची, मध्येच पान क्रमांक. छापील पानावर जिथं ओळ संपत होती, तिथं संगणकाने एंटर मारला होता. तो एंटर लेखकाचा नव्हे, कागदाचा.

उपाय तसा सोपा. परिच्छेदाच्या खुणा दाखवणारं बटण दाबलं की लपलेले एंटर दिसतात. दोन परिच्छेदांमध्ये लागोपाठ दोन एंटर होते. ‘शोधा आणि बदला’ वापरून त्यांच्या जागी आधी तीन चांदण्या घातल्या. उरलेल्या एकेका एंटरच्या जागी मोकळी जागा. शेवटी चांदण्यांच्या जागी पुन्हा एंटर. पाच मिनिटांत सगळं पुस्तक सरळ! मी फाईल जतन केली, बंद केली आणि आईला वाचायला दिली.

ती गुणगुणू लागली आणि दुसऱ्याच ओवीत थांबली. म्हणाली, “अरे, ही ओवी आहे की तलाठ्याची नोटीस?”

पाहतो तर ओव्यांचे चरण एकापुढे एक चिकटलेले. तिथले एंटर कागदाचे नव्हतेच. जातं ओढताना बाई जिथं श्वास घेते, तिथले ते होते. आणि मूळ फाईल मी त्याच नावाने पुसून टाकली होती.

मग आठ संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. ती म्हणायची, थांबायची. छापील प्रतीशी ताडून मी तिथं शिफ्ट आणि एंटर दाबायचो. त्याची खूण वेगळी असते, त्यामुळे पुढे साधे एंटर काढले तरी चरण मोडत नाहीत. हे आधी करायला हवं होतं. मूळ फाईलची प्रत तर त्याच्याही आधी. नवं प्रकरण नव्या पानावर आणायला वीस एंटर मारू नयेत, कंट्रोल आणि एंटर दाबावं, हेही तेव्हाच शिकलो. अक्षराचा आकार बदलला तरी प्रकरण जागचं हलत नाही.

काही ओव्यांना आई म्हणाली, “आमच्यात असं नाही म्हणत.” तिचे शब्द मी वेगळ्या वहीत उतरवले. पुस्तकात घातले नाहीत. मुद्रित तपासणाऱ्याने पुस्तक सुधारायचं नसतं, आहे तसं पोचवायचं असतं.

आता ती टॅबलेटवर मोठ्या अक्षरात ओव्या वाचते. अडखळली की मी अजूनही आधी ती खूण तपासतो.