गाडीचा ब्रेक: बॉनेट उघडून आपणच बघू या

लातूर-नांदेडकडं आता कितीतरी गटांतल्या घरी, जुनी का होईना, चारचाकी आली आहे. भाजी, दवाखाना, अडलेली बाळंतीण, सगळं त्याच गाडीत. डिझेल किती लागलं हे आपण वहीत लिहितो. ब्रेकचं मात्र पायडल खाली जाईपर्यंत कुणी विचारत नाही.

गाडी सपाट जागी लावा, इंजन थंड होऊ द्या, बॉनेट उघडा. पांढुरकी डबी दिसेल, तिच्यावर कमी-जास्तीच्या दोन खुणा असतात. तेल त्या दोन्हींच्या मध्ये हवं. पॅड झिजतात तसं ते सावकाश उतरतं. पण आठ दिवसांतच खाली गेलं तर कुठंतरी गळतंय. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा, गाडी हलवू नका, मिस्त्रीला घरी बोलवा.

आपण याला ब्रेक ऑइल म्हणतो आणि घोळ तिथंच होतो. घरात उरलेलं इंजन ऑइल यात थोडं जरी पडलं तरी आतली रबरं फुगतात, ब्रेक कामातून जातो. झाकणावर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' लिहिलेलं असतं. तेच आणा, सीलबंद. हे तेल हवेतला ओलावा ओढतं. मग ब्रेक फार तापला की आत वाफ धरते आणि पायडल पोकळ लागतं. म्हणून साधारण दर २ वर्षांनी ते बदलायचं, गळत नसलं तरी.

आता पाय सांगेल ते ऐका. इंजन चालू ठेवून पायडल दाबून धरलं आणि ते हळूहळू बसत गेलं, किंवा स्पंजासारखं लागलं, तर थेट गॅरेज. चिरचिर आवाज म्हणजे पॅड संपत आले; ३ मिलिमीटर, म्हणजे दोन नाण्यांच्या जाडीएवढे उरले की बदला. जुने पॅड मिस्त्रीकडून मागून घ्या आणि डोळ्यांनी बघा. आपण पैसे देतो, विचारायला लाजायचं कशाला?

माहूरला रेणुकामातेला गाडी भरून जातो ना, तेव्हा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली तर पुढं हळू चालवत दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा, ओल सुकते.

आणि हो, ब्रेकचं तेल विषारी आहे. बाटली लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग उतरतो.