पेटीवरचा देश आणि पेटीतला माल



गाणे ऐकण्याची उंची यंत्रे घेताना ती कोणत्या देशात बनली हे पाहावे की नाही, असा आजचा विषय आहे. मी संगीतातला जाणकार नव्हे, आणि कॉलेजची पायरीही चढलेलो नाही. माझे शिक्षण कारखान्यांच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु असली यंत्रे ज्या हातांतून घडतात, त्या हातांशी माझा अनेक वर्षांचा संबंध आहे. तेवढ्याच अधिकारावर मी बोलणार आहे.

ठाणे-कल्याणच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. एके काळी याच ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता. कॅलेंडरवरचे ते मर्फीचे गोजिरवाणे मूल आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मर्फी हे नाव विलायतेतले. तिथली कंपनी 1929 साली सुरू झाली. पण ठाण्यात तयार होणाऱ्या सेटमधल्या तारा जोडणारे हात ठाण्याचे होते. मग तो रेडिओ विलायती म्हणावा की ठाणेकर? नाव एका देशाचे आणि श्रम दुसऱ्या देशाचे, हा प्रकार आपल्या दारातच होता.

कल्याणला लागून उल्हासनगर आहे. परदेशी माल येण्यावर 1991 पूर्वी कडक निर्बंध होते आणि लोकांना 'फॉरीन' वस्तूंचे वेड होते. त्या काळात 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असा विनोद घरोघरी चाले. आपण हसलो. पण हसलो कोणाला? फाळणीत सर्वस्व गमावून कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या आणि मिळेल ते काम उभे करणाऱ्या माणसांना. वस्तू न पाहता तीन अक्षरांसाठी जादा पैसे मोजणारे गिऱ्हाईक मात्र त्या हसण्यातून सुटले!

देशाच्या शिक्क्याचा इतिहासही मौजेचा आहे. 1887 साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की, परदेशी मालावर त्याचे मूळ लिहिलेले असावे. हेतू हा की, जर्मनीचा स्वस्त माल लोकांनी ओळखावा आणि टाळावा. झाले उलटेच. जर्मन कारागिरांनी माल सुधारला आणि 'मेड इन जर्मनी' हा कमीपणाचा शिक्का मानाचा झाला. जपानचेही तेच. युद्धानंतर जपानी माल म्हणजे तकलादू, अशी समजूत होती. पुढे एका पिढीतच जपानी टेपरेकॉर्डर आणि अँप्लिफायर लोक मिरवू लागले. देशाची माती बदलली नाही; कारखान्यातली शिस्त बदलली.

आजची स्थिती पाहा. वार्फडेल स्पीकर हे इंग्लंडातले जुने नाव. गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी 1932 साली सुरू केलेले. क्वॉडचे अँप्लिफायर 1936 पासूनच्या कंपनीचे. आज ही दोन्ही नावे इंटरनॅशनल ऑडिओ ग्रुप या एकाच समूहाकडे आहेत, आणि त्यांचा बहुतेक माल चीनमध्ये बनतो. म्हणून तो आपोआप वाईट ठरत नाही. पण विलायतेच्या जुन्या पुण्याईवर किंमत सांगितली जात असेल, तर गिऱ्हाइकाने विचारावे, की आज माझ्या हातात काय देता?

मग देश पाहूच नये काय? पाहावा, पण प्रश्न बदलून पाहावा. यंत्र कोणत्या देशात बनले, यापेक्षा ते कोणत्या देशासाठी बनले, हे आधी विचारा. आपली वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची. अमेरिकेची 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची. जपानची 100 व्होल्ट. जुन्या धाटणीच्या कित्येक टर्नटेबलची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते. अमेरिकेसाठी बनलेले तसे यंत्र व्होल्टेज उतरवून इथे लावले, तरी मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीसच्या मध्ये फिरायची तबकडी अठ्ठावीसाच्याही आतच फिरेल, आणि काळी दोनमध्ये गायलेले गाणे पांढरी एकच्या आसपास उतरेल. नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या वस्तूची हमी इथे चालेलच, असेही नाही. आयात केलेल्या बंद पाकिटावर मूळ देश आणि आयातदाराचे नाव-पत्ता छापणे कायद्याने आवश्यक आहे. देशाचे नाव वाचून थांबू नका. आयातदाराचा पत्ताही वाचा. यंत्र बिघडले तर तक्रार घेऊन त्याच्याच दारात जायचे आहे.

दुसरा प्रश्न मी कामगार म्हणून विचारतो. माल तपासणाऱ्याला 'नापास' म्हणण्याचा अधिकार आहे काय? एका कारखान्यात महिनाअखेरीला तपासणीच्या टेबलावर काय चालते ते मी पाहिले आहे. गाडी दारात उभी, साहेब घड्याळाकडे बघतो आहे, आणि कंत्राटी पोरगा न तपासताच शिक्का मारतो. कारण नाही म्हटले तर उद्या फाटकाबाहेर! त्याच पोराची नोकरी पक्की असती, तर त्याने तोच माल परत पाठवला असता. गुणवत्ता राष्ट्राच्या रक्तात नसते. ती त्या टेबलावर ठरते. जपानी असो, जर्मन असो, नाही तर डोंबिवलीचा असो, नाही म्हणण्याची ज्याला मुभा आहे त्याच्याच हातचा माल विश्वासाचा.

कोणी म्हणेल, 'तुम्ही कामगारांचे पुढारी, मग स्वदेशीच घ्या असे का सांगत नाही?' स्वदेशी मला प्रिय आहे. पण देशाचे नाव पुढे करून वाईट माल गळ्यात मारणे म्हणजे गिऱ्हाईक आणि कामगार या दोघांचीही फसवणूक होय. बाहेरून सुटे भाग आणून इथे नुसते स्क्रू पिळले, तर शिक्का देशी होतो. कसब देशी होत नाही. मर्फीचा कारखाना ठाण्यातून गेला, तेव्हा नुसते पगार गेले नाहीत. कानाने दोष ओळखणारी आणि बोटांनी तो काढणारी माणसे पांगली. आज जुना रेडिओ दुरुस्त करायला माणूस शोधावा लागतो, त्यात या पांगापांगीचाही वाटा आहे.

तेव्हा दुकानात गेलात की एवढे करा. दोन यंत्रांवर फडके टाकायला सांगा, दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. आणि आपल्या ओळखीचे गाणे ऐका. मग सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि दुरुस्ती कोण करील, ते विचारा. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर देश कोणताही असो, यंत्र खुशाल घ्या. आणि ती उत्तरे देऊ शकणारा कारखाना आपल्या गावात अजून चालू असेल, तर तो बंद पडण्याआधी त्याच्या फाटकापर्यंत एकदा जाऊन या.