जमिनीच्या पोटातलं आपणच वाचू

(बोअरच्या प्रश्नावर भरलेल्या गावसभेत आम्ही कार्यकर्त्यांनी केलेलं भाषण)



रानात बोअरची गाडी आली. भोकं पाडली, दगडाच्या लांब कांड्या पेट्यांत भरून नेल्या. गावाला कोणी काही सांगितलं नाही. आम्ही विचारलं तर उत्तर मिळालं, "तुम्हाला त्यातलं काय समजणार?" म्हणून आज त्यातलंच बोलू.

वर्धा, प्राणहिता, गोदावरी या नद्यांच्या कडेने एक लांब पट्टा आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन दोन बाजूंनी तडकली आणि मधली पट्टी खाली खचू लागली. नद्यांनी त्यात गाळ आणून टाकला. पट्टी आणखी खचली, आणखी गाळ आला. असं कोट्यवधी वर्षं चाललं. कणगीत धान भरतो तसं समजा. आधीचं तळाला, नंतरचं वर.

तळाला हिरवट माती आणि गोटे आहेत. ते बर्फाच्या काळातले. चंद्रपूरजवळ इरईला चुनखडकावर त्या बर्फाचे ओरखडे सापडले आहेत. त्याच्यावर पांढरट रेतीदगड, आणि त्यात कोळसा. कोळसा म्हणजे जुनं जंगलच, दलदलीत पडून गाळाखाली दबलेलं. कोळशाच्या वर तांबडा-पिवळा रेतीदगड, त्याला कामठीचा थर म्हणतात. त्याहून वरचे थर खाली सिरोंच्याकडे दिसतात. तिथे लाकडाचे दगड झालेले ओंडके आहेत, प्राणहितेकाठी कोट्याच्या चुनखडकात दगडी मासे आहेत. त्याच बाजूला एका प्रचंड प्राण्याची हाडं निघाली. बारापासॉरस त्याचं नाव. त्याचा सांगाडा आज कलकत्त्याला उभा आहे.

या सगळ्या थरांना १८७२ साली मेडलिकॉट नावाच्या सरकारी भूशास्त्रज्ञाने 'गोंडवाना' नाव दिलं, आपल्या गोंड मुलखावरून. आज जगभरच्या पुस्तकांत ते नाव आहे. दगडाला आपलं नाव चालतं, पण दगड उचलताना आपल्याला विचारायचं मात्र राहून जातं.

आता मुद्द्याचं. ते म्हणतात, "आम्हाला फक्त खालचा कोळसा पाहिजे." पण कामठीचा रेतीदगड पाणी धरून ठेवतो. आपल्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी असतं ते त्याच्यामुळे. उघडी खाण करायची तर वरचं जंगल, माती आणि हा रेतीदगड आधी काढून फेकावा लागतो. मग आजूबाजूचं पाणी खड्ड्याकडे धावतं, पंपाने उपसलं जातं आणि विहिरी खाली जातात. नंतर म्हणतात, खड्डा बुजवून देऊ, झाडं लावू. बुजवतीलही. पण कालवलेल्या ढिगाऱ्यातून पहिल्यासारखे थर बसत नाहीत.

कायदाही नीट समजून घ्या. १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्यात कलम ४ ची अधिसूचना निघाली की ते बोअर मारू शकतात. त्यात पिकाचं, झाडाचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. कलम ७ ची निघाली म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर झाला. तिथून ३० दिवसांत कलम ८ खाली हरकत घेता येते. हे ३० दिवस झोपेत गेले तर मग ओरडून उपयोग नाही. आणि पाचव्या अनुसूचीच्या गावांत जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी विचारविनिमय केला पाहिजे, असं १९९६ चा पेसा कायदा सांगतो.

म्हणून तीन कामं आजच ठरवू. एक, प्रत्येक विहिरीचं पाणी किती हातावर आहे ते दर महिन्याला वहीत लिहायचं. मुली-मुलं हे करू शकतात. दोन, कुठल्या वावरात, कुठल्या रानात भोक पाडलं त्याचा नकाशा आपण काढायचा. तीन, कुठलं कलम निघालं, किती खोल गेले, कुठला थर लागला, ते लेखी मागायचं आणि मागणी ग्रामसभेच्या ठरावात नोंदवायची.

पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "तुम्हाला काय समजणार?" तर वही पुढे ठेवा.

जय सेवा!