उलट वाहणारे पाणी



अध्यक्षाने प्रथम आपल्या अपात्रतेची ग्वाही द्यावी आणि मग तासभर बोलावे, असा आपल्या संमेलनांचा प्रघात आहे. त्यांपैकी पहिली गोष्ट आपण गृहीत धरावी, दुसरी मी आटोपती घेतो.

शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी निर्मळ आहे की नाही हे पाहण्यास सरकारी खाती, प्रयोगशाळा आणि दफ्तरे सिद्ध आहेत. परंतु तेच पाणी घरात शिरल्यावर पुन्हा मागे फिरू शकते, आणि फिरताना बादलीतला साबण, मोरीतली घाण किंवा टाकीतला गाळ सोबत नेऊ शकते, ही गोष्ट ज्यांच्या हातून जोडण्या होतात त्या आपल्या वर्गातही पुरेशी मनावर घेतली जात नाही. नळाला दिशा ठाऊक नसते. दाब जिकडे कमी, तिकडे पाणी जाते.

अमेरिकेतील वूस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयात १९६९ साली फुटबॉल संघातील ९७ जणांपैकी ९० जणांना काविळीची बाधा झाली. मैदान शिंपण्याच्या नळाची तोंडे जमिनीतील खळग्यांत होती आणि त्या खळग्यांतील पाण्यात कावीळ झालेली मुले खेळत असत. जवळपास लागलेली आग विझविण्यासाठी पाण्याचा उपसा होताच मुख्य नळातील दाब उतरला, खळग्यांतील पाणी आत ओढले गेले, आणि सरावानंतर खेळाडू तेच प्याले. संघाला त्या हंगामातील उरलेले सामने सोडून द्यावे लागले. त्याआधी १९३३ साली शिकागोत, प्रगतीच्या शतकाचा उत्सव म्हणून भरविलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात, दोन हॉटेलांतील सदोष जोडण्यांमुळे आमांशाची साथ पसरून ९८ माणसे दगावली होती.

वूस्टरला दाब उतरण्यास आग लागावी लागली. आपल्याकडे पाणी ठराविक वेळीच येत असल्यामुळे मुख्य नळ रोजच रिकामा होतो, आणि तो रिकामा होत असताना तिसऱ्या मजल्यावर कोणाची रबरी नळी कपड्यांच्या बादलीत बुडालेली असेल व वरची तोटी उघडी असेल, तर ते मळकट पाणी तळमजल्यावरील तोटीतून निमूटपणे बाहेर येते. त्यात भर म्हणून काही सद्गृहस्थ सार्वजनिक नळालाच मोटर लावतात, तीही गटारातून गेलेल्या गंजक्या जोडणीवर; म्हणजे शेजाऱ्याचे पाणी पळविण्याच्या नादात ते गटार स्वतःच्या टाकीत ओढून घेतात. या प्रकाराविषयी मला कसलीही सहानुभूती नाही.

उपाय म्हणून उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा असे सांगितले जाते, आणि तो बसवावाच. परंतु पाणी सुटताना पहिल्या लोटाबरोबर येणारी रेती ज्याच्या बैठकीत अडकते आणि बसविल्यावर ज्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, अशा यंत्रावर सारा विश्वास टाकणे मला मान्य नाही. तोटीचे तोंड आणि खालच्या भांड्याचा अथवा टाकीचा काठ यांत नळाच्या व्यासाच्या दुप्पट, व निदान एक इंच, मोकळी हवा राखली, तर पाण्याला परत जाण्यास मार्गच उरत नाही. हवा गंजत नाही, तिला दुरुस्ती लागत नाही, आणि तिचे बिल कोणत्याही ठेकेदाराला लावता येत नाही. तिची उपेक्षा कदाचित याच कारणाने झाली असावी. जमिनीखालील टाकीचा बॉलकॉक जादा पाणी वाहून जाण्याच्या नळीपेक्षा वर असावा, एवढी साधी खबरदारीही पुष्कळ इमारतींत दिसत नाही.

म्हणून परिषदेस माझी विनंती आहे की, नगरपालिकेने नव्या नळजोडणीस दाखला देण्यापूर्वी तपासनिसाने तोटी व काठ यांतील हे अंतर प्रत्यक्ष मोजून नोंदवावे असा ठराव आपण आजच संमत करावा. आणि उपस्थित कारागीर बंधूंनी, मालकाने कितीही आग्रह केला तरी, सार्वजनिक नळाला थेट मोटर जोडून देण्याचे काम स्वीकारू नये.